जेवणानंतर, अर्धी

तीर्थरूप मामांच्या चरणी,

भिंगरीचा शिरसाष्टांग नमस्कार. (खोलीत दोन खाटा आणि एक कपाट असल्यामुळे साष्टांग घालायला जागा नाही. तूर्त डोकं तेवढं तुमच्या पायांवर ठेवतो, उरलेली सात अंगं समक्ष भेटीत.)

इकडे सगळं ठीक आहे. मी वेळेवर जेवतो आणि स्वेटर घालतो.

वरची ओळ मुद्दाम ठळक आणि सुटी लिहिली आहे. पत्र आधी आईच्या हातात पडणार, ती चष्मा शोधणार, चष्मा सापडेपर्यंत जेवढं दिसेल तेवढं वाचणार आणि "खुशाल आहे पोरगा" म्हणत तुमच्याकडे धाडून देणार. तेवढं तिला पुरतं. यापुढचं बारीक अक्षरात आहे, ते तुमच्यासाठी. कृपा करून मोठ्यानं वाचू नका. दवाखान्याच्या खिडकीतून पुड्या देताना पेशंटला ओरडून सांगायची तुमची सवय मला ठाऊक आहे. एका बाईंची मूळव्याध तुमच्यामुळे अख्ख्या बाजारपेठेला कळली होती.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून मध्येच थांबून भिंतीवर पाल बघितल्यासारखं करता का? (तिथे पाल नसायची हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.) तुमचे डॉक्टरसाहेब पेशंटला जीभ दाखवायला सांगताना अजून स्वतःचीच आधी बाहेर काढतात का? आणि मामी गेल्यापासून तुम्ही रात्री जी अर्धी गोळी घेता, ती अर्धीच आहे ना अजून? हा प्रश्न आगाऊपणाचा वाटेल. पत्र संपेपर्यंत तसा वाटणार नाही. किंवा जास्तच वाटेल, ते तुम्ही ठरवा.

तुम्ही म्हणाल, फोन काय मोडला का तुझा. मोडला नाही. पण फोन केला की आई तो पोळपाटावर ठेवून स्पीकर लावते, शेजारच्या काकू "आमचापण नमस्कार सांगा" म्हणून वाकतात आणि मागे कुणाचा तरी कुकर ओरडतो. जे सांगायचं आहे ते कुकरच्या आवाजावरून ओरडून सांगण्यासारखं नाही.

तर माझी नोकरी. आईनं गल्लीत मॅनेजर म्हणून सांगितलं आहे, ते तुम्हीही ऐकलं असेल. मी एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात, कपडे धुतात त्या खात्यात आहे आणि चादरी मॅनेज करतो. खिडकी नाही. वाफ इतकी असते की समोरचा माणूस आधी खोकतो आणि मग दिसतो. वरच्या मजल्यांवर कोण राहतं ते मला फक्त त्यांच्या चादरींवरून कळतं, तोंडं एकाचीही बघितलेली नाहीत. दिवसभर चादर झटकायची, टोकाला टोक लावायचं, घडी घालायची. तुम्हाला हसू येईल, पण मी आजवर जी कामं धरली आणि सोडली (कुरियर, झेरॉक्स, ट्रकवर क्लीनर, मांडवाच्या खुर्च्या, मध्यंतरी ते कोंबड्यांचं) त्या सगळ्यांतून माझ्याकडे टिकून राहिलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे घडी. आणि ती तुमची देणगी. शाळा चुकवून मी तुमच्या खिडकीमागे येऊन बसायचो आणि तुम्ही कंपाउंडरी करता करता, "बसलायस तर हात चालव," म्हणून माझ्यापुढे कागदाचे चौकोन टाकायचात. आधी तिरकी घडी. मग दोन्ही कान आत. मग शेपूट खाचेत. झटकली, आपटली, खिशात चुरगळली, तरी कण सांडता कामा नये. शाळेत मला काही आलं नाही, पण तुमची पुडी आली. त्या वेळी तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, पुडीत औषध चार आणे असतं, बारा आणे भरवसा. दोन, कोरी पुडी खिडकीबाहेर जाऊ द्यायची नाही, काहीतरी लिहिलेलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी मी इकडे येताना बरोबर आणल्या, विमानात कुणी अडवलं नाही.

आता सुतार. हा माझ्या खोलीतला दुसरा माणूस. नव्या घरांत स्वयंपाकघराची कपाटं बसवायचं काम करतो. आपल्याच भाषेचा, त्यामुळे इथे मी मोठ्यानं विचार करू शकतो तो याच्यामुळेच. माणूस सोन्यासारखा आणि भित्रा. सुपारी खात नाही. डोकं दुखलं तर बाम लावत नाही, म्हणतो सवय लागते. बायको तिकडे आहे आणि तिला मुलगी झाली आहे, ती यानं अजून फक्त फोनवर बघितली आहे. फोन हलू नये म्हणून यानं त्याच्यासाठी लाकडाचं एक छोटं स्टँड केलं, पॉलिश वगैरे करून, आणि रोज जेवणाच्या वेळी त्याच्यासमोर जावयासारखा बसतो. एका शनिवारी मुलीनं पहिल्यांदा याच्याकडे नीट बघितलं आणि भोकाड पसरलं. बायको म्हणाली, "अनोळखी माणूस बघितला की रडते हो ती आता, हुशार झाली." ती कौतुकानं म्हणाली. यानं स्टँड मिटून कपाटात ठेवलं आणि बराच वेळ कपाटाचं दार उघडमीट करत बसला. मग म्हणाला, "बिजागरी कुरकुरतेय." मग म्हणाला, "चल, कुठेतरी जाऊ. माणसं असतील अशा ठिकाणी."

माणसं असतील असं एकच ठिकाण मला माहीत होतं, तेही ऐकून. एका जुन्या गोदामात शनिवारी नाच असतो. तिकिटाचा आकडा बघून आम्ही दोघांनी न बोलताच जेवण रद्द केलं. (ही गोष्ट लक्षात ठेवा.) दारावरच्या पहिलवानानं सुताराचे खिसे तपासले तर त्यात मेजरिंग टेप. तो हा माणूस झोपतानाही उशाला ठेवतो. पहिलवानानं ती ओढून बघितली, सोडली, ती सट्कन आत गेली, त्याला मजा वाटली, त्यानं परत ओढली. शेवटी जप्त करून घेतली. सुतार म्हणाला, "नाचायला जागा किती आहे ते तरी मोजू दे म्हणावं." त्या रात्रीचा त्याचा हा शेवटचा विनोद.

आत काय होतं ते सांगणं अवघड आहे. आवाज कानातून नाही, बरगड्यांमधून आत येत होता. अंधार, मग एकदम उजेड, मग अंधार, जसं कुणी लहान पोर बटणाशी खेळतंय. सगळे एकमेकांना खेटून आणि कुणी कुणाचं नाही. आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. लग्नात चुकीच्या मांडवात शिरलेले पाहुणे कसे उभे राहतात, तसे. थोड्या वेळानं मी लघवीला म्हणून निघालो आणि तिथल्या बोळात मला मास्तर भेटला.

मास्तर हे नाव मी ठेवलं. खरं नाव त्यानं सांगितलं नाही. चष्मा, हातानं विणलेला स्वेटर, हळू बोलणं. गणित चुकलं तरी न मारणारा एखादा मास्तर असतो ना, तसा. त्याच्याजवळ दोन डब्या होत्या, दोन्हींत पूड, एक पांढरी आणि एक जरा पिवळट. आणि मामा, तो ती पूड प्लास्टिकच्या फाटक्या तुकड्यांत गुंडाळत होता. गाठ मारत होता. निम्मी सांडत होती. मी तिथे उभा राहून ते बघत होतो आणि माझे हात शिवशिवायला लागले. पूड कसली हे मला कळत नव्हतं असं नाही. मी बारावी दोनदा नापास आहे, अगदीच खुळा नाही. पण त्या वेळी ते डोक्यात आलंच नाही. तुमच्यासमोर कुणी बाटलीवर वाकडी पट्टी चिकटवली की तुम्ही कसे "आण इकडे" म्हणता, तसं मी म्हणालो, आण इकडे. भिंतीवरचं एक नाचाचंच पत्रक फाडलं, चौकोन केला, तिरकी घडी, कान आत, शेपूट खाचेत. मास्तरानं पुडी झटकली. आपटली. बुटाखाली घेतली. मग माझ्याकडे असं बघितलं, की खरं सांगतो, आजवर कुणी तसं बघितलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही. तुम्ही फक्त म्हणायचात, "हां, चालेल."

त्यानं मला झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत नेलं, पाठकोऱ्या पत्रकांचा गठ्ठा दिला, एक उलटी बादली बसायला दिली, आणि मी कामाला लागलो. किती वेळ गेला कळलं नाही. मी तुमच्या खिडकीमागे बसलो होतो. बाहेर पेशंट रांगेत होते. पुड्या झाल्या आणि त्या कोऱ्या होत्या, आणि कोरी पुडी मला बघवेना. खिशात बॉलपेन होतं. मी मास्तराला विचारलं, यातली दिवसातून किती वेळा? तो इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाला, पांढरी कशीही, पण पिवळट जपून, ती अर्ध्यानं घ्यायची. मग मी पांढऱ्या पुड्यांवर आपल्या लिपीत लिहिलं, "सकाळ-संध्याकाळ." आणि पिवळट पुड्यांवर लिहिलं, "अर्धी. जेवणानंतर." आता जेवणानंतर कुठून आलं, हे मला विचारू नका. अर्धी लिहिलं की पुढचं माझा हात आपसूक लिहितो. तिथे आपली लिपी कोण वाचणार होतं? एकच माणूस वाचणार होता, आणि तो बाहेर भिंतीला पाठ लावून उभा होता.

मजुरी म्हणून मास्तरानं माझ्या मुठीत चार-दोन पुड्या कोंबल्या. मी पांढरीतली थोडी तिथेच जिभेवर ठेवली.

इथे मी खोटं लिहू शकलो असतो. लिहू शकलो असतो की मळमळलं, भीती वाटली, आईचा चेहरा दिसला. तसलं काही झालं नाही. फार बरं वाटलं, मामा. इकडे आल्यापासून माझ्या पोटात एक गार दगड आहे, तो उठताना असतो, चादरी घडी करताना असतो, आईला "मजेत" म्हणताना तर हलतोच. तो दगड विरघळला. मला कुणाची आठवण येईना, कारण सगळे तिथेच होते असं वाटत होतं. मी बादलीवर प्रेम केलं. मॉपवर केलं. संडास साफ करणाऱ्या म्हाताऱ्याला मी म्हणालो की तुझ्यासारखा माणूस मी बघितला नाही, आणि त्यानं "बरं" म्हणून माझ्या पायाखालची फरशी पुसली, आणि मला ते इतकं छान वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. आता तुम्हीच सांगा, हे वाईट कसं म्हणू? आणि दुसऱ्या दिवशी तोच दगड परत आला, येताना दोन भाऊ घेऊन आला, तेव्हा हे चांगलं तरी कसं म्हणू? मामीच्या तेराव्यानंतर तुम्ही एकदा म्हणाला होतात, झोप हल्ली आपली आपण येत नाही, बोलवावी लागते. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. तुम्ही अर्धी गोळी बोलवायला पाठवता, डॉक्टरसाहेबांना विचारून. मी झाडूच्या खोलीत स्वेटर घातलेल्या माणसाला विचारून. फरक आहे, आहेच. पण तो कुठे सुरू होतो ते मला बोट ठेवून दाखवा एकदा.

अशा अवस्थेत मी सुताराकडे गेलो. तो तिथेच होता, दोघांची जॅकेटं हातावर घेऊन. मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम वाटत होतं, की माझ्याजवळ जे चांगलं आहे ते त्यालाही मिळावं असं वाटलं. मी मूठ उघडली.

"काय आहे हे?"

"घे. बरं वाटेल."

"आपण नाही बाबा घेत असलं काही. माहितीये ना तुला."

पण त्यानं पुडी उचलली, संडासाच्या पाटीचा हिरवा उजेड होता तिथे धरली आणि वाचली. आणि मामा, त्याचा चेहरा सैल झाला. म्हणाला, "अरे, हे तर आपल्या दवाखान्यातल्यासारखं आहे."

मी म्हणालो, "तसंच आहे."

"पण जेवलोय कुठे आपण?"

यावर मी हसलो. किती हसलो ते विचारू नका. भिंत धरून हसलो. त्याला वाटलं, मी हसतोय म्हणजे चालत असेल. अर्धी म्हणजे किती हे त्या उजेडात दिसत नव्हतं, आणि मोजायची टेप पहिलवानाकडे होती. त्यानं डोकं मागे टाकलं आणि सगळी पुडी रिकामी केली, लहानपणी आपल्याला नाक दाबून देतात तशी.

तो कधी बसला, कधी आडवा झाला, हे मला नीट सांगता येत नाही. मी तेव्हा छताकडे बघत होतो, छत फार सुंदर होतं. कुणीतरी ओरडलं तेव्हा खाली बघितलं तर त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते आणि जॅकेटं अजून हातावर होती, पडू दिली नव्हती. मास्तर तिथे नव्हता. असल्या वेळी मास्तर नसतोच.

अँब्युलन्सनं नेलं तो दवाखाना म्हणजे इथला मोठा, पांढरा, वास नसलेला. मला एका बोळात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. माझ्या डोक्यातला नाच अजून थांबला नव्हता, त्यामुळे माझा पाय आपला आपण ताल धरत होता आणि मी तो दोन्ही हातांनी दाबून बसलो होतो. समोरून गणवेशातला एक माणूस किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. मी उभा राहिलो, हात पुढे केले. तो बाजूनं गेला आणि कॉफीच्या मशीनमध्ये पावडर भरायला लागला. मी बसलो. मग डॉक्टरीणबाई आल्या, थकलेल्या, केसांत पेन खोचलेलं. त्यांच्या हातात उलगडलेलं पत्रक होतं. सुताराच्या मुठीतून काढलेलं. त्यांनी विचारलं, यावर काय लिहिलंय, तुला वाचता येतं का?

मी वाचलं. इंग्रजी माझं कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. पण एवढं आलं. अर्धी, जेवणानंतर. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं, मग पेन थांबलं, मग त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, आणि विचारलं, हे कुणी लिहिलं?

मामा, तिथे दोन रस्ते होते आणि मी भिंगरी असल्यामुळे दोन्हींवर थोडा थोडा फिरून आलो. माहीत नाही म्हटलं असतं तर मी सकाळी तळघरात चादरी घडी करत असतो. मी लिहिलं म्हटलं तर पोलीस, मग विमान, मग आई स्टेशनवर, मग गल्ली. शिवाय त्या पुडीचं नाव त्यांना मी काय सांगणार होतो? पण मला एक माहीत होतं, जे त्या दवाखान्यात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. डब्या दोन होत्या आणि यानं पिवळट घेतली होती. म्हणून मी म्हणालो, माझं अक्षर आहे. आणि डब्यांचं सांगितलं. त्यांनी पोलीस वगैरे काही म्हटलं नाही. आत वळून कुणाला तरी दोन शब्द सांगितले, मग परत माझ्याकडे वळून फक्त एवढंच विचारलं, तो जेवला होता का?

मी नाही म्हणालो. एवढं साधं उत्तर द्यायला मला आयुष्यात इतका त्रास झाला नव्हता.

उजाडता उजाडता सुतार वाचला. मला आत सोडलं तेव्हा तो नळ्यांमध्ये पडून छताचे चौकोन बोटानं मोजत होता. माझ्याकडे बघून चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तुझं अक्षर बघून मला वाटलं रे, चांगलंच असणार." बारा आणे, मामा. मी त्या रात्री बारा आणे भरवसा बांधून दिला, आणि चार आणे काय दिलं ते मलाच माहीत नव्हतं.

मग त्यानं बायकोला फोन लावला आणि बाहेरचं खाऊन पोट बिघडलं असं सांगितलं. (बाहेरचं खाऊन. आम्ही काहीच खाल्लं नव्हतं.) म्हणाला, भिंगरी होता म्हणून निभावलं. तिनं फोन मला द्यायला सांगितला. रडत होती. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून हो. ह्यांचं तिकडे दुसरं कोण आहे?" मी म्हणालो, वहिनी, तुम्ही काळजी करू नका. दगड किती जड होऊ शकतो त्याचा अंदाज मला तोवर नव्हता.

आता इथे पत्र संपायला हवं होतं, पण पुढे आणखी झालं. परवा दुपारी तळघराच्या मागच्या दाराशी मास्तर आला. बरोबर एक उंच, पिवळ्या केसांचा मुलगा. मास्तरानं हळू आवाजात सुताराची चौकशी केली, वाईट वाटलं म्हणाला, मला वाटतं खरंच वाटलं असावं. मग म्हणाला, लोक लिहिलेल्या पुड्या मागतायत. त्यांना ते अक्षर म्हणजे काहीतरी मंत्र वाटतो. आणि त्यानं त्या मुलाला बाही वर करायला सांगितली. मुलाच्या दंडावर निळ्या शाईत गोंदलं होतं, "जेवनानंतर". ण चा न केला होता. ज्या एका गोष्टीसाठी मी चौथीत अंगठे धरून उभा राहिलो, ती चूक इथे माणसं पैसे देऊन कातडीवर करून घेतात. मी ते दाखवलं तर तो मुलगा खूश झाला, त्याला वाटलं मी आशीर्वाद देतोय. मास्तराचं म्हणणं असं, की आठवड्यातून दोन रात्री बसायचं, बांधायचं आणि लिहायचं, चादरींपेक्षा बरं. मी विचार करतो म्हणालो. मी काम करतो ते ठिकाण त्यानं शोधून काढलं आहे, हे मला तो गेल्यावर लक्षात आलं.

आणि काल रात्री सुतार आणि मी जेवलो. वरणभातच. त्यानं ताट धुतलं, पुसलं, फळीवर ठेवलं. स्टँड अजून कपाटातच आहे, तो ते काढत नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. आणि झोपला असं वाटत असताना, अगदी सहज, उद्या पाऊस आहे का विचारावं तसं म्हणाला, "त्यातली एखादी उरली आहे का रे? आता जेवलोय मी."

मी झोपेचं सोंग घेतलं. मला ते चांगलं जमतं, शाळेत शिकलो.

बाकी सर्व क्षेम. आईला वरची ओळ परत एकदा दाखवा.

तुमचा
भिंगरी

ता.क. पाकिटात एक पुडी आहे. दचकू नका, रिकामी आहे. घडी बघण्यासाठी पाठवली आहे. डावा कान जरा सैल वाटतो मला. त्यावर काही लिहिलेलं नाही, कारण काय लिहावं ते सुचलं नाही.

ता.क. दुसरं. सुताराच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. एक उरली आहे, पांढरी. टाकवत नाही. मी तिची जागा रोज बदलतो. सुताराला सापडू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगतो, पण जागा बदलताना मी ती मलाही सापडू नये अशी बघत असतो, आणि ते जमत नाही, कारण ठेवणारा मीच.

ता.क. तिसरं, आणि पत्र खरं म्हणजे यासाठी आहे. मी आपणहून परत आलो तर तो माझा कितवा परतीचा प्रवास हे आई बोटांवर मोजेल आणि गल्ली तिला मदत करेल. तेव्हा तुम्हीच मला बोलवा. आईला सांगा की दवाखान्यात पुड्या बांधायला घरचा माणूस हवा, तुमचे हात हल्ली थरथरतात, बाहेरच्यावर भरवसा नाही. आणि औषधांच्या कपाटाची बिजागरी गेली आहे असंही कळवा, मोठं काम आहे, ओळखीचा सुतार असेल तर बरोबर घेऊन ये, असं. तो माझ्या सांगण्यावरून येणार नाही. कपाटासाठी येईल.

ता.क. शेवटचं. हात थरथरतात असं सांगणं तुम्हाला जड जाईल, कारण तुम्ही खोटं बोलत नाही. पण मागच्या फोनच्या वेळी आई बोलत होती, तुम्ही चहाला आला होतात, आणि मागे बशीवर कप बराच वेळ वाजत होता. आई म्हणाली, लाइन खराब आहे. मी हो म्हणालो. तेव्हा खोटं असं काही सांगावं लागणार नाही.